देवाला आधीच कळलेली नोकरी

रोजचा डेटा दुपारीच संपायला लागला, तेव्हा मी आधी मोबाइल कंपनीला शिव्या घातल्या. विजयदुर्गाच्या अलीकडचं आमचं गाव. इथे रेंज म्हणजे नवसानं मिळणारी गोष्ट, आणि तिच्यावर माझं पोट. आखातातल्या मराठी मुलांना मी लॅपटॉपवरून मराठी शिकवायची. धडा रंगात आला की पडद्यावरची पोरं गोठायची. शेवटी कुठला प्रोग्राम किती डेटा खातो, ती यादी उघडली. सगळ्यात वर माझ्या तासांचा प्रोग्राम असायला हवा होता. त्याच्याही वर प्रिंटरच्या कसल्याशा नावाचं काहीतरी होतं. आमच्या घरात प्रिंटर नाही.

घरात माणसंही दोनच. मी, बिनलग्नाची, चव्वेचाळीस वर्षांची. आणि माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून दादाचं जेवणखाण, गोळ्या, पैपाहुणा सगळं मीच बघत आले. माणूस शांत. कलमांच्या बागेत रमणारा. माझ्यावर त्यानं कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

तो प्रोग्राम बसवल्याची तारीख पाहिली. गेल्या वर्षी दादा लॅपटॉप साफ करून आणायला देवगडला घेऊन गेला होता, तोच दिवस. मी खूश होऊन त्या संध्याकाळी घावणे केले होते. मग त्या नावाचा शोध घेतला, तर कळलं की हे प्रिंटरचं काही नव्हेच. पडद्याचे फोटो काढायचे, दाबलेली प्रत्येक कळ टिपायची आणि सगळं दुसऱ्याच्या फोनवर पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हापशाच्या एका शाळेनं मला मराठी शिकवायला बोलावलं होतं. राहायला खोली मिळणार होती, आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची. मी कुणाला एका शब्दानं बोलले नव्हते, फक्त लॅपटॉपवरून पत्रव्यवहार चालला होता. आणि एका सकाळी दादा म्हणाला, देवळात कौल लावूया, तू गोव्याला शाळेत जाणार असं मला स्वप्न पडलंय. मला भरून आलं. बी.ए., बी.एड. झालेली मी, अक्कल गहाण टाकून त्याच्या मागोमाग देवळात गेले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगाला लावल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. डावी पडली. देवाला आधीच कळलं होतं, आता त्याचा शब्द कसा मोडायचा? घरी येऊन शाळेला नकाराचं पत्र लिहिलं आणि रडले.

यंदा त्याच शाळेनं मेलवर पुन्हा विचारलं होतं. पंधरवड्यात कळवा, असं मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं होतं. मी अजून हो म्हटलं नव्हतं. मनात भीती होती ती डाव्या पाकळीचीच.

प्रोग्राम मी काढला नाही. कोंबडं कुणी झाकलंय ते आधी बघायचं होतं. लॅपटॉपवर एका नसलेल्या मैत्रिणीला पत्र लिहायला घेतलं: दोडामार्गाला एका केळीच्या बागायतदाराकडे हिशेबनीस म्हणून पहिल्या तारखेपासून जातेय, दादाला सांगू नको. पत्र कुणालाही न पाठवता बंद केलं. पुढचे दोन दिवस दादा नेहमीसारखाच होता. माशाला मीठ कमी पडलं, एवढंच बोलला. आपलंच डोकं फिरलं की काय, असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी भाताचा घास मोडताना म्हणाला,

"बाय, सोमवारी देवळात जावया. माका परत सपान पडला."

सोमवारी मी हात जोडून उभी राहिले. दादानं कानात सांगितलेलं गुरव मोठ्यानं देवापुढे घालू लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातली बहीण पयल्या तारखेक दोडामार्गाक केळीवाल्याकडे कामाक जावचो बेत करता. जावचा काय रवाचा, ता तूच सांग."

"व्हय म्हाराजा," दादा म्हणाला. डोळे मिटलेले, चेहरा भाविक. पाकळी डावीकडे पडली. जगात नसलेल्या नोकरीला देवानं नको म्हटलं. देवाला मी दोष देत नाही, त्याच्या दारात खोटं मीच पाठवलं होतं. पण वर्षभर मी ज्याला देवाचा शब्द समजत आले, तो माझ्याच बोटांनी लिहिलेला मजकूर होता, आणि माझा संताप संताप झाला.

दादा गुरवाशी बोलत थांबला. मी देवळाबाहेर आले आणि मोबाइलवरून थेट मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला. म्हटलं, मी येतेय, नक्की येतेय.

बाई गोंधळल्या. "अहो, परवाच तर तुमची मेल आली. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे येणं शक्य नाही म्हणून. आम्ही दुसऱ्या बाईंना होसुद्धा सांगितलं."

मी त्यांना ती मेल वाचायला लावली. शब्द न् शब्द माझा होता. गेल्या वर्षीचं माझं नकाराचं पत्र, फक्त तारीख नवी. माझी प्रत्येक कळ वाचणाऱ्याकडे माझा पासवर्ड असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खोटं पत्र लिहून वाट बघत बसले आणि त्यानं माझ्या नावानं उत्तर देऊन टाकलं होतं.

"ती मेल मी लिहिलेली नाही," मी म्हटलं.

"मग कुणी लिहिली?"

दादा बाहेर आला होता. पायरीवर बसून सावकाश चपला घालत होता, नजर माझ्याकडे. भाऊ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. माझ्या घरातल्या माणसानं, एवढंच मी कसंबसं म्हटलं.

मग बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही त्या घरात सुरक्षित आहात ना?"

दादा उठला आणि माझ्या दिशेनं चालत आला. मला 'हो' म्हणता आलं नाही.