कागद अडकलेत, एवढंच सांगा

बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडवर माझे वडील, अण्णा, कंट्रोलर होते. मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी त्यांची ड्युटी होती आणि त्यांनी ती बदलून घेतली नाही. आमच्या गावाला रेल्वे नाही. मलकापूरला जाऊन मुंबईची गाडी पकडायची. मी खिडकीशी बसलो होतो, माझी मोठी बहीण, शैलाताई, खालून डबा वर देत होती, आणि भोंग्यातून अण्णांचा आवाज आला, "मलकापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. तीनदा ते कधीच पुकारत नसत. ताई म्हणाली, "पाह्य रे, म्हातारा निरोप देऊन राहिला तुला." गाडी हलली तेव्हा अण्णा केबिनच्या खिडकीत उभे होते. हातातली वही त्यांनी जराशी वर केली. बस्स.

गाडीला उशीर असला की बाकीचे कंट्रोलर गप्प बसत. अण्णा पुकारत, दीड तास उशिरा आहे म्हणून. लोक शिव्या देत. घरी येऊन म्हणायचे, "उशीर असेल तर उशीर सांगावा. थांबायचं की जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं." हे वाक्य मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या ऑफिसात, मीटिंगांमध्ये, इंग्रजी करून कितीदा तरी वापरलं आहे. लोकांना फार आवडतं.

मागे राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे इकडे आलात त्यांच्यासाठी हे लिहितोय. आलात त्यांना पुढचं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. "स्टॅम्पिंगचा प्रॉब्लेम आहे." व्हिसावर असताना भारतात गेलो आणि परतीचा शिक्का मिळाला नाही, तर इकडची नोकरी, घर, मुलीची शाळा सगळं तसंच टाकून तिकडेच राहायचं. ही भीती खोटी नव्हती. त्या भीतीपायी मी पाच वर्षं गेलो नाही. आई गेली तेव्हाही गेलो नाही. तिकडच्यांना एवढी भानगड कुठे सांगायची, म्हणून आम्ही सोपं करून सांगायचो, कागद अडकलेत. लग्न असो, मुंज असो, कोणी आजारी असो. कागद अडकलेत म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही. उलट तुमचीच कीव करतो.

मग एक दिवस ग्रीन कार्ड आलं, म्हणजे शिक्क्याची भीती संपली. साधं पाकीट, जाहिरातींच्या कागदांत पडलेलं. आम्ही केक आणला, ट्रॉयमधली चार घरं जेवायला बोलावली. आमच्या मुलीचा, इराचा, पुढचा दात पडलेला होता आणि तिने त्या फटीतून जीभ काढून फोटोत मिरवलं. बुलढाण्याला मी फोन केला नाही. करू, करू म्हणत राहिलो. कार्ड आलं असं सांगितलं की पुढचा प्रश्न "मग कधी येतोस?" हाच येणार होता.

गेल्या सप्टेंबरात ताई पहिल्यांदा अमेरिकेला आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होऊन तिला दोन वर्षं झालीत. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, मग अण्णांनी अंथरूण धरलं, मग ती विषयच काढू देईना. सहा महिन्यांचा व्हिसा होता. इरा आता कोलोरॅडोत शिकते, म्हणून आम्ही तिघं, मी, बायको आणि ताई, तिला भेटायला गेलो. बायकोचं डोकं त्या उंचीवर दुखायला लागलं, ती हॉटेलात थांबली. इरा, ताई आणि मी गावात हिंडायला निघालो.

तुम्ही कोणी असलं कॉलेजचं गाव पाहिलं नसेल तर सांगतो. कुठल्याही रस्त्याला लागा, त्याच्या टोकाला डोंगर उभा. मधला एक रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी. तिथे एक मुलगी भलंमोठं व्हायोलिन पायांत धरून वाजवत होती, दोन झाडांना बांधलेल्या पट्ट्यावर एक पोरगा अनवाणी चालत होता, दुकानांबाहेर कुत्र्यांसाठी पाण्याच्या वाट्या मांडलेल्या, आणि भर दुपारी पायजम्यात फिरणारी कॉलेजची मुलं. त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती, त्यामुळे निम्म्या गावाने तोंडं रंगवली होती. ताई नऊवारी नाही, साधी सुती साडी आणि खाली इराने घेऊन दिलेले पांढरे बूट अशी चालली होती.

"हे सगळे शिकतात कधी गं?"

"आत्या, वीकेंड आहे!"

"आमच्या कॉलेजात पोरगी मोठ्यानं हसली तरी घरी चिठ्ठी जायची." मग डोंगराकडे बघून, "आपला राजूर घाट याच्यापुढं उंबरठाच म्हण, विनू."

मी इतका सुखात होतो की मला त्या सुखाचीच भीती वाटायला हवी होती.

जेवायला बाहेर मांडलेल्या टेबलावर बसलो. ताईने चीजचं काहीतरी मागवलं आणि "हे तर पांढरं पिठलंच आहे" म्हणून नावं ठेवत सगळं संपवलं. इरा तिला गावातल्या गोष्टी विचारत होती. अण्णा आजोबा कसे होते, माइकवर कसे बोलायचे. ताईने त्यांची नक्कल केली, फलाट क्रमांक चारसकट. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून हसले. मग नक्कल करता करता तिचा आवाज जरा खाली आला.

"शेवटी फार आठवण काढायचे तुझ्या बाबाची. पण कधी बोल लावला नाही हो. कोणी विचारलं तर म्हणायचे, त्याचे कागद अडकलेत, एवढंच सांगा. सरकारपुढं कोणाचं चालतं? तुझ्या बाबानं इकडं कसे काढले असतील ते दिवस, त्यालाच माहीत."

इराच्या हातात फ्रेंच फ्राय होता, तो तिने तसाच धरला. "वेट. पण ग्रीन कार्ड तर मी फर्स्ट ग्रेडमध्ये असताना आलं ना? वी हॅड अ केक. माझा दात पडला होता. अण्णा आजोबा तर मी सेकंड ग्रेडमध्ये असताना गेले." ती माझ्याकडे बघत होती, आरोप म्हणून नाही, हिशेब चुकला असेल तर बाबा दुरुस्त करील म्हणून.

मी पाणी प्यायलो.

ताई म्हणाली, "लहान होतीस गं तू. पहिली काय अन् दुसरी काय." आणि रुमालाने टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागली. तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेली बाई. पहिलीतल्या पोराला काय आठवतं आणि काय नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत असेल?

जेवणानंतर ठरल्याप्रमाणे इरा आम्हाला जंगलात घेऊन गेली. गाव संपतं तिथेच पाइनची उंच झाडं सुरू होतात, तांबूस सालीची. इरा म्हणाली, सालीला नाक लाव, व्हॅनिला आइस्क्रीमचा वास येतो. ताईने दोन्ही हातांनी खोड धरून नाक लावलं. "हो गं बाई, येतो खरा," म्हणाली. इरा पुढच्या वळणावरून दरी दिसते का ते बघायला धावत गेली. ताई तशीच खोडाशी उभी राहिली, गाल सालीला टेकलेला, तोंड माझ्या विरुद्ध दिशेला.

"अण्णांना माहीत होतं?"

मी का आलो नाही, हे तिने विचारलं नाही. ते विचारलं असतं तर माझ्याकडे पाच-सहा उत्तरं तयार होती. आता ती तुम्हाला देतो. ऑफिसात सॉफ्टवेअरचा मोठा रिलीज होता; तो माझ्यावाचून झाला असता. प्रमोशन तोंडावर होतं, ते मिळालं. अण्णांना उचलून बसवायचं, पुसायचं, ते मला जमणार नाही याची लाज होती. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. न जाण्याची मला सवय झाली होती. इतकी वर्षं कागदांनी मला अडवलं, आणि अडवणारं कोणी उरलं नाही तेव्हा मला कळलं की मला जायचंच नाही.

अण्णांना माहीत होतं. त्यांना मीच सांगितलं होतं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून. ताईने फोन त्यांच्या कानाशी लावून दिला आणि ती गोळ्या आणायला आत गेली. मी म्हणालो, "अण्णा, कार्ड आलंय. चार महिने झाले." तिकडे नुसता श्वास. मग, "मग?" मी म्हणालो, "या महिन्यात जमेलसं नाही." मला वाटलं रागावतील, आणि खरं सांगतो, रागावले असते तर मी त्याच आठवड्यात विमानात बसलो असतो. ते म्हणाले, "बरं. शैलीला सांगू नको. कागद अडकले म्हणून मी सांगतो." जन्मभर गाडीचा उशीर मिनिटामिनिटाने पुकारलेला माणूस. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. अग्नी ताईने दिला. मी वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा दारात तीच म्हणाली, "सुटले बाप्पा एकदाचे कागद," आणि मी मान हलवली.

त्या झाडापाशी मला "नाही" म्हणता आलं असतं. अण्णांना माहीत नव्हतं, दोष माझा एकट्याचा. तिचे अण्णा तिच्यापाशी तसेच राहिले असते. पण इतक्या वर्षांनी मला खरं बोलायची हौस आली.

"हो," मी म्हणालो. "ते जायच्या नऊ दिवस आधी मीच सांगितलं होतं."

ताईने खोड सोडलं नाही. "मी रोज सकाळी त्यांचे केस विंचरायची," ती म्हणाली. "विंचरताना म्हणायची, येईल विनू, कागद सुटले की पहिल्या विमानानं येईल. अन् ते हो हो म्हणायचे. मला वाटायचं, मी समजूत काढून राहिली त्यांची." वरून वाऱ्याचा आवाज येत होता आणि खाली स्टेडियममध्ये लोक ओरडत होते. "शेवटचे नऊ दिवस तरी त्यांनी मला खरं सांगायला पाहिजे होतं की नाही? सगळं मीच तर करत होती."

मी म्हणालो, "ताई, चूक माझी—"

"तू गप रे. तुझं नाही बोलून राहिली मी."

इरा धावत परत आली. आत्याचा चेहरा बघून तिने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड? ऑल्टिट्यूड का?"

"हो गं," ताई म्हणाली. "दम लागला." आणि इराचा हात धरून उतरायला लागली.

ताईने त्यानंतर एकही वाकडा शब्द काढला नाही. मिशिगनला परतल्यावर चौथ्या दिवशी म्हणाली, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, मला जायला हवं. मी म्हणालो, तो हल्ली फोनवरून देता येतो. "मला नाही जमत ते." विजेचं बिल, गॅस, तिकिटं सगळं ही बाई फोनवर करते. मी तिकीट बदलून दिलं. सहा महिन्यांसाठी आलेली ताई सात आठवड्यांत गेली. विमानतळावर तिने बायकोला मिठी मारली. मला म्हणाली, "जप."

इराने मला एकदाच विचारलं, "बाबा, डिड आय से समथिंग राँग?" मी नाही म्हणालो, आणि तिथेच थांबलो. तिला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचावी लागते, दोन ओळींत कंटाळते. मी हे मराठीत लिहितोय त्याचं एक कारण तेही असावं. ताई मात्र वाचेल. यात तिला नवीन फारसं नाही. फक्त आता सगळ्यांना कळेल की अण्णांनी बोल लावला नाही तो मला सांभाळायला, आणि त्यासाठी तिच्याशी खोटं बोलले.

दर रविवारी मी फोन करतो. ती उचलते. पाऊसपाणी, गुडघे, शेजारचं बांधकाम. गेल्या रविवारी मी धीर करून विचारलं, "ताई, दिवाळीला येऊ का?" गेली कितीतरी वर्षं या प्रश्नाला तिकडून ओरडूनच उत्तर यायचं, विचारतोस काय, ये!

"ये ना," ती म्हणाली, अगदी नीट, गोड आवाजात. "किती दिवस राहणार ते आधी कळव फक्त. म्हणजे पोळ्यांच्या बाईला तसं सांगून ठेवते."

आमच्या घरात पोळ्यांना बाई कधीच नव्हती.

मी म्हणालो, "आठ दिवस." पुढेमागे करून बारा सांगता आले असते, महिना सांगता आला असता; रजा शिल्लक आहे, पासपोर्ट अमेरिकेचा झालाय, परतायला मला कुठलाही शिक्का लागत नाही. पण तोंडातून आठच आले. ती "बरं" म्हणाली आणि पलीकडे पेन उघडल्याचा आवाज आला. ती लिहून घेत होती.

घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजून बुलढाणा म्हणतो. तिथे मला आठ दिवस राहता येतं.