आजीच्या देशाचा कायदा आणि आमचा सुधाकर

त्या रविवारी आमच्या आसगावात फुटबॉलची फायनल होती, दिघोरीशी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट... मी नुकतीच बी.ए. झाले होते, घरातली पहिलीच. जगातला प्रत्येक अन्याय आपणच मिटवायचा, असं वाटण्याचं वय.

आमचा सगळा भरवसा सुधाकरवर. हा माझ्या आत्याचा मुलगा. आत्याचं सासर दिघोरी. नवरा गेल्यावर तान्ह्या सुधाकरला घेऊन ती माहेरी आली आणि इथलीच झाली. निदान आम्हाला तसं वाटत होतं...

सामन्याआधी दिघोरीच्या तात्याजींनी हरकत घेतली. त्यांच्या शब्दापुढे तिथे कोणी जात नसे. नियम होता, खेळाडू गावचाच हवा. "बाप दिघोरीचा, तं पोरगा दिघोरीचा. आमच्याकून खेळन."

मी पुढे झाले. नागपूरला शिकताना पेपरात वाचलं होतं की आजी आयर्लंडची असली तर नातवाला आयर्लंडकडून खेळता येतं. तिथे आजी चालते, इथे तर सख्खी आई आहे, असं मी तावातावाने सांगितलं.

तात्याजींनी शांतपणे विचारलं, "बाई, हे आयर्लंड कोन्या तालुक्यात येते?"

सगळं पटांगण हसलं. सुधाकरने मुकाट्याने दिघोरीचा बनियन घातला.

बायकांत उभ्या असलेल्या आत्याने पदर तेवढा सारखा केला. मुलगा या गावचा नाही, असं चारचौघांत ठरलं होतं... म्हणजे मग तीही नाही.

खेळ सुरू झाला आणि घोळ लक्षात आला. आमच्याकडे भाचा देवासारखा. त्याला चुकून पाय लागला, तर मामा कितीही मोठा असो, वाकून त्याच्या पाया पडतो. आणि आईच्या गावचे, तिच्या पिढीतले तर सगळेच मामा!

सुधाकर बॉल घेऊन आला, माझा भास्करकाका आडवा गेला, पाय सुधाकरच्या नडगीला लागला. काका तिथेच थांबला, वाकला, भाच्याच्या पाया पडला... तोवर दिघोरीच्या दुसऱ्या पोराने बॉल नेऊन गोल केला.

मग हेच सुरू झालं. आमच्या टीममधले निम्मे त्याचे मामा. कोणी त्याच्या जवळ जाईना, आणि गेला की वाकलाच. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, मॅच खेळून राहिले का पूजा करून राहिले?"

सुधाकर रडवेला झाला होता. हाफ टाइमला तो बॉलकडे पाठ करून बसला.

तात्याजी स्वतः माझ्याकडे आले. "असं जिंकून कोनाले तोंड दाखवाचं? बाई, तुहा तो आजीवाला कायदा काय होता, सांग बरं पुन्हा."

मी सांगितला. या वेळी हळू आवाजात, न भांडता.

"म्हंजे मायचं गाव चालते."

"चालते, तात्याजी."

त्यांनी भोंग्याचा माइक मागून घेतला. आमच्याकडे मुलाची ओळख बापाच्या नावानेच व्हायची. तात्याजी म्हणाले, "आसगावच्या पार्वताबाईचा पोरगा सुधाकर आता आसगावकून खेळन."

पार्वताबाई... क्षणभर मलाही कळलं नाही, कोण. आत्याला नावाने हाक मारणारं घरात कोणी उरलंच नव्हतं. ती सुधाकरची माय होती, नाहीतर आत्या. बाजूच्या बाईने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा ती हसली.

सामना आम्ही हरलो. आधी खाल्लेले गोल काही भरून निघाले नाहीत. पण घरी जाताना एरवी सगळ्यांच्या मागे चालणारी आत्या बायकांच्या पुढे चालत होती, आणि सुधाकरचा मळका बनियन तिने खांद्यावर टाकला होता.

आता टीव्हीवर आजीच्या देशाकडून खेळणारा कोणी दिसला की मी आवाज वाढवते... त्या आजीचं नाव कोणी घेतं का, ते ऐकायला. बहुतेक वेळा घेत नाहीत. तात्याजींनी घेतलं होतं.