पूर्णविराम

कोर्टातल्या टायपिस्टला सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत, आणि या बिरुदाचा त्याला अभिमान होता, बोला आता! साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून तळमळून सांगायचा, “साहेब, कुलूप लावून गेलो होतो हो! येऊन बघतो तर काय, दार सताड उघडं, आणि हा पठ्ठ्या चक्क माझ्याच खुर्चीत!” आमचे पूर्णविराम टाइप करायचे : परत आल्यावर दार उघडे होते. आरोपी खुर्चीत बसला होता.

“अहो, पण मला धक्का बसला त्याचं काय?” एकाने विचारलंच.

“धक्का पुराव्यात येत नाही.”

न्यायाधीश खूश, वकील खूश. तेवढ्यावर थांबावं ना माणसाने! पण नाही, हा कारखाना घरीही चालू. लेक धावत येऊन म्हणाली होती, “बाबा, मी चक्क पहिली आले!” तर यांचं उत्तर, “पहिली आलीस. बरं.” पुढे ती आपल्या बातम्या आईलाच सांगायला लागली. यांना त्याचंही काही वाटलं नाही. घर शांत झालं, एवढंच लक्षात आलं.

बायकोने मात्र मनाशी ठरवलं होतं. जन्मात एकदा तरी या माणसाला चकित करायचं. लेक नोकरीसाठी परगावी गेली, तिची गाडी खाली झाकून पडली होती. पूर्णविरामांना गाडी येत नव्हती. बाईसाहेब रोज सकाळी ‘फिरायला जाते’ म्हणून निघायच्या आणि शिकवणीच्या गाडीत जाऊन बसायच्या. दोनदा परीक्षेत आपटल्या, तिसऱ्यांदा सुटल्या. मग एका संध्याकाळी कोर्टाच्या फाटकाशी गाडी उभी करून, यांची वाट बघत बसल्या.

पूर्णविराम बाहेर आले. बायकोला स्टिअरिंगमागे बघितलं. डबा मागच्या सीटवर ठेवला, शेजारी बसले, पट्टा लावला.

“गाडी घेऊन आलीस. बरं झालं, बसला गर्दी असते.”

तिने गिअर टाकला. दोन वळणं घेतली, चढावर गाडी बंद न पाडता नेली. कुणी तरी ‘वा’ म्हणावं असा चढ होता तो!

“पुढे सिग्नल आहे,” पूर्णविराम म्हणाले. बघा, स्वतःला सायकलही धड येत नाही!

अर्ध्या चढावरच तिने गाडी कडेला घेतली. “उतरा.”

“घर पुढे आहे.”

“ठाऊक आहे. आयुष्यभर मी तुम्हाला गोष्टी सांगत आले आणि तुम्ही नोंदी करत आलात. उतरा म्हणते ना!”

ते उतरले. गाडी सफाईने पुन्हा रस्त्याला लागली आणि पुढे गेली. पूर्णविराम डबा गाडीतच राहिला म्हणून थोडे खट्टू झाले आणि चालू लागले. उरलेला चढ चढताना धाप लागली. याच चढावर गाडी कशी आली होती, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरायला लागलं. सकाळचं फिरणं आठवलं. परत आल्यावर ती एवढी खुशीत का असायची, तेही.

बायकोने दार उघडलं तेव्हा ते घामाने निथळत होते.

“अगं, तुला गाडी चालवता येते की!”

“पोचली का बातमी?” ती म्हणाली, आणि चपलांच्या शेजारी खालीच बसून रडायला लागली.