बैलानं तुडवलेला फोन

काळेवाडीत आमच्या घराची रस्त्याकडची खोली नीलाला दिलीय. तिथं ती फोन दुरुस्त करते. पोरगी बीडकडची. चाकणच्या कंपनीत सहा वर्षं भिंगाखाली बोर्डावर सोल्डरचे बारीक डाग देत होती. लाइन बंद झाली, तशी स्वतःचं भिंग घेऊन बसली. बापानं बजावलेलं, पाडव्यापर्यंत धंदा बसला तर बरं, न्हाईतर गावी ये.

गिऱ्हाईक यायचं, आत बघायचं अन् विचारायचं, दुकानात कुणी न्हाई का? नीला समोरच बसलेली. मी आहे ना, म्हणाली की ते म्हणायचं, येतो नंतर. माघ सरला तरी काचा चिकटवण्यापलीकडं काम न्हाई.

मग पुनावळ्याचे रंगराव आले. चार दुकानांनी त्यांना परत पाठवलेलं. रुमालात फोनचा चुराडा. गोठ्यात पडला अन् धाकट्या बैलानं पाय दिला. फोनचं त्यांना काही नव्हतं. पण थोरला पाखऱ्या दिवाळीत गेला, शर्यतीच्या घाटातली त्याची शेवटची धाव, शेवटची बारी, तिचा व्हिडिओ त्यातच होता, दुसरीकडं कुठं न्हाई. नीलाला सोडून ते मलाच विचारू लागले, कारागीर कधी येईल.

मी म्हणाले, "रंगराव, फोनला काय कळतंय, हात बाईचा का बाप्याचा?"

नीलानं भिंगाखाली बघितलं. बोर्ड तडकलेला, पण सगळं साठवणारी चिप शाबूत होती. ती एकटी काढून भागत न्हाई म्हणे. शेजारची प्रोसेसरची चिपही संगं लागते, तरच आतल्या माहितीचं कुलूप उघडतं. दोन्ही गरम हवेनं उचलून तसल्याच जुन्या फोनात बसवायच्या. म्हणजे रोप मातीसकट हलवायचं, एवढं मला कळलं. जास्त तापलं तर बारी कायमची गेली, हेही तिनं सांगितलं.

रंगराव रुमालाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "ठेव."

पहिल्यांदा फोन चालूच झाला न्हाई. पोरगी जेवेना. मी थालीपीठ पुढं सरकवलं, तर तिनं त्याच्यावरूनच हात नेऊन चिमटा उचलला. तिनं चिपा पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या. चौथ्या दिवशी दुपारी फोन चालू झाला अन् पडद्यावर पाखऱ्या धावला.

रंगरावांनी तीनदा बघितलं. "ताई," ते नीलाला म्हणाले, "याची दुसरी प्रत करून दे. एकाच ठिकाणी नको."

तिनं ती आधीच मेमरी कार्डात घालून ठेवलेली.

रंगरावांनी घाटात काय सांगितलं कोण जाणे, आठवडाभरात पाच बैलगाडावाले फोन घेऊन आले. परवा बापाचा फोन आला, कधी निघतीस? नीलाच्या चिमट्यात चिप होती.

"बाबा, पाडव्याला तुम्हीच या," ती म्हणाली अन् फोन माझ्या हातात देऊन भिंगावर वाकली. मग बापाशी मीच बोलत बसले.