देवीपुढे न ठेवलेले पेढे

मनात नसताना जोडलेले हात तुमच्या देवाला खरंच हवे असतात का?

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पुस्तिका जास्त. वडील सभांमधून आणायचे, मी मोठ्याने वाचून दाखवायचे. गेल्या दसऱ्याच्या सकाळी वाचली ती सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांवर होती. रोमन सम्राटासाठी चिमूटभर धूप जाळा आणि सुटा, असं त्यांना सांगितलं जाई. त्यावर आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती लेखकाने विचारलं होतं, की बळजबरीच्या पूजेने कोणता देव प्रसन्न होईल? वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते पान पुन्हा वाचायला लावलं.

मग आम्ही वराळ्याजवळच्या त्यांच्या कारखान्यात गेलो. दसऱ्याला तिथे देवीचा फोटो मांडून यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. निवृत्तीआधीचा त्यांचा हा शेवटचा दसरा, म्हणून नारळाचा मान त्यांना द्यायचं ठरलं होतं. आम्ही बौद्ध, वडील देवपूजा करत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एवढ्या प्रेमाने दिलेला मान ते नाकारतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

शेजारच्या मशीनवरचा त्यांचा जुना जोडीदार, परंदवडीचा शेतकरी, नारळ घेऊन पुढे आला.

"घे भाऊ, फोड."

"मशीन मी पुसलंय, नारळ तू फोड."

"एका नारळानं बाटतोस व्हय?"

"बाटत न्हाई. पण मनात नसताना फोडला, तर तुज्या देवीला फसवल्यागत व्हईल. चालंल तुला?"

जोडीदाराचा चेहरा पडला. मला तिथेच भाषण ठोकायची उबळ आली होती. पण इतक्या वर्षांची मैत्री त्या नारळापाशी अडली आहे, हे मलाही दिसत होतं.

शेवटी त्यानेच नारळ फोडला. पेढे वाटत तो वडिलांपाशी आला, थबकला आणि मागे फिरला. परत आला तो दुसरा, दोराही न सुटलेला बॉक्स घेऊन.

"ह्यो देवीपुढं ठेवल्याला न्हाई. आता तरी खाशील का, लय शाना?"

"दोन दे," वडील म्हणाले.

त्या पुस्तिकेची शेवटची पानं मी घरी येऊन वाचली. पुढे राजसत्ता पाठीशी आल्यावर ख्रिस्त्यांनीच इतरांची देवळं बंद पाडली होती. म्हणून माझी विनंती जिथे जे संख्येने जास्त आहेत त्यांना आहे. एखाद्या वस्तीत ते आम्हीही असू. येत्या सणाला एक बॉक्स देवापुढे न ठेवता बाजूला काढा. कुणी मागायची वाट पाहू नका.