खुडूक कोंबडीखालची चार अंडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून माझं काहीच लपत नाही, तरी हे लपलं — वीसेक वर्षं. गोष्ट भुर्जीची आहे. हसलात ना? मीही असाच हसून टाळत आलो.

नव्वदीच्या दशकात न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर मास्तर होतो. सखूआजींच्या गोठ्याला लागून भाड्याची खोली, एक स्टो, दोन पातेली. घरात आजी आणि त्यांची सून मंगल. मुलगा कोरेगावला कंपनीत, आठवड्यानं यायचा. वस्ती मला गुरुजी म्हणायची. आणि गुरुजी म्हटलं की माणूस जरा ताठच चालतो.

होळीच्या आधी, एका संध्याकाळी दौंडहून पाहुणा आला. जिच्याशी माझं जमत आलं होतं, तिचा थोरला भाऊ. न कळवता — म्हणजे मी कसा राहतो ते बघायलाच, नाही का? जेवायला जड काही नको म्हणाला. घरात कांद्याची कोवळी पात होती, ओल्या हरभऱ्याचे ओंजळभर सोलाणे होते. पण नुसत्या पातीवर पाहुण्याची बोळवण कशी करायची? दुकानही बंद.

गोठ्याच्या कोपऱ्यात आजींची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती अंडी पिलांसाठी ठेवलीत हे माहीत नव्हतं, असं लिहायचा मोह होतो. माहीत होतं. हात घातला, कोंबडीनं मनगटाला टोचलं, तरी चार उचलली. फोडली तर एका बलकावर लाल ठिपका. तो चमच्यानं काढला, पात आणि सोलाणे मिरचीवर परतले, अंडी ओतून ढवळलं. पाहुणा बोटं चाटत जेवला. टरफलं मी रात्रीच उकिरड्यावर टाकली. सोयरीक पक्की झाली.

एवढंच असतं तर ती नुसती चोरी होती. पण —

सकाळी आजींना अंडी कमी दिसली. मंगल पाबळला माहेरी काहीबाही धाडते, हा त्यांचा जुना संशय. त्या थेट माझ्या दारात आल्या.

"गुरुजी, तुमी काय खोटं बोलायचं न्हाई. ही काल कोंबडीकडं गेल्ती का?"

मागं मंगल उभी, हात शेणानं भरलेले. मी काय म्हणालो? "संध्याकाळी ह्या गोठ्यात होत्या खऱ्या."

होतीच की. धार काढायला रोजच असायची. माझ्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

दुपारच्या एसटीनं आजींनी तिला माहेरी धाडलं. तीन महिने ती तिकडं होती. आज सांगू, उद्या सांगू — आजी चहा आणून द्यायच्या, मी तो पिऊन कपबशी परत करायचो. त्याच तीन महिन्यांत माझं लग्न झालं. पुढं भावकीतल्या आप्पांनी मध्ये पडून तिला परत आणलं. आजींनी मात्र तेव्हापासून कोठीची किल्ली कमरेची काढली नाही.

वर्षभरानं बदली झाली. ट्रंक घेऊन निघालो तेव्हा मंगल अंगण झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, अंड्याची टरफलं उकिरड्यावर उघडी टाकू नका कुठं. वरनं माती वढायची. त्या सकाळी मी वढली व्हती, कुनी उठायच्या आदी."

मी "बरं" म्हणालो, आणि एसटीकडे चालू लागलो.