मैनाकाकीचं घर हिवरखेडला गेलं

नत्थुकाका मोटार चालवत, असं म्हणणं मोटारीवर अन्यायाचं होईल. ती आपल्या मनाने चाले. काका तिच्यात बसत.

पत्त्याखाली ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ लिहायचे ते दिवस. अमरावतीला, बडनेऱ्याच्या वाटेवर आमचा मळा होता. वांगी, मेथी, थोडी संत्री, आणि मैनाकाकीच्या हट्टापायी शेवंतीचे दोन वाफे. प्रवासी वाहून थकलेली एक सर्व्हिस मोटार लिलावात निघाली आणि काकांनी ती घेतली. भाजी बाजारात न्यायला, असं त्यांनी सांगितलं. भाजीची बैलबंडी उत्तम चालत होती, त्यामुळे कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. खरं कारण हिवरखेडला होतं.

हिवरखेड काकीचं माहेर. काही वर्षांपूर्वी तिथल्या पंगतीत तिचे थोरले भाऊ पंजाबराव वाढता वाढता म्हणाले, “जावईबुवाच्या वांग्यात बियाच भल्ल्या.” माळ्याला चोर म्हटलं तर तो एक वेळ हसून सोडून देईल; त्याच्या वांग्यात बिया फार म्हटलेलं नाही. काका भरल्या ताटावरून उठले. पंजाबरावांनीही काकांच्या घराच्या उंबरठ्यावर पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेतली. तेव्हापासून मुराळी, म्हणजे लेकीला सासरहून न्यायला येणारं माहेरचं माणूस, येईनासा झाला. आणि मुराळ्यावाचून माहेरी जाणं म्हणजे बिनबोलावलं जाणं. ते काकी मरतानाही करणार नव्हती.

त्या वर्षी निरोप आला, की तिच्या मायला, कौशल्याबाईंना, दिसेनासं होत चाललंय.

“आता नाई गेली तं मायले माह्यं तोंड दिसाचं नाई,” काकी म्हणाली.

“मंग चाल.”

“मुराळी कोठी हाय?”

काका बराच वेळ बिडी ओढत राहिले. मग म्हणाले, “तू घर सोडूच नको. घरच घेऊन जाऊ.”

अमरावतीच्या वकिलांनाही सुचला नसता असा मुद्दा होता. काकीला तो पटला; पण घर म्हणजे घर पाहिजे, अशी तिने अट घातली. मोटारीच्या फळ्या शेणाने सारवल्या गेल्या. मागच्या कोपऱ्यात मातीची चूल बसली. देव आले, जातं आलं. मागच्या दाराशी लाकडाची पट्टी ठोकून तिला हळदकुंकू लावलं, तो उंबरठा. वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींनी विचारलं, दार कोणत्या दिशेला? काका म्हणाले, “जिकडून आलो तिकडं.”

काकांची थोरली बहीण सुभद्राआत्या सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, “आता ढेकूण तेवढे राह्यले.”

पहाटे काका, काकी, आत्या आणि मी निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे उतार लागला आणि जातं घरंगळत काकांच्या पाठीशी आलं. “मागून कोण ढकलून राह्यलं?” त्यांनी विचारलं. पुढे काकीने चालत्या मोटारीत चूल पेटवली. खिडक्यांतून धूर निघताना पाहून विहिरीवरची चार माणसं बादल्या घेऊन धावली. चौकशी त्यांनी नंतर केली. त्या दिवशी आम्ही भाकरी कालवणावाचून ओली खाल्ली.

अकोल्याला अकोटचा फाटा चुकला. रस्ता विचारणं मोटारवाल्याला शोभत नाही, असं काकांचं मत होतं. चूक कळली तेव्हा दुसरी गोष्ट कळली: ही मोटार मागे जात नाही. लिलावात हे कोणी बोललं नव्हतं. वळायला पुरेशी मोकळी जागा मिळेपर्यंत पुढे जाणं आलं, आणि ती बाळापूरच्या किल्ल्याखाली मिळाली. तिथे आम्हाला पाहताच बाया लेकरं काखोटीला मारून पळाल्या. देवी टोचणारे आले, असा त्यांचा समज झाला होता. एक म्हातारा तेवढा धीराने जवळ आला.

“टोचाची सुई कोठी हाय, बाई?”

“सुई नाई, बावा. लाटणं हाय. चालते का?” आत्या खिडकीतून म्हणाली.

आणि मग ती हसली. तरुणपणी कपाळ पुसलं गेल्यापासून तिला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. आज त्या सडकेवरून लोक डोळा लागेपर्यंत अकोल्याला पोचतात. आम्हाला हिवरखेड गाठायला दोन दिवस लागले, आणि ते लवकर संपले असंच वाटतं.

हिवरखेडच्या शिवेवर, नाल्याच्या चढावर मोटार गप्प झाली. बातमी गावात आमच्याआधी पोचली. पंजाबराव आले, मागच्या दारापर्यंत आले, आणि उंबरठ्याची पट्टी पाहून थबकले.

“मैना, उतर खाली.”

“काहून? मी माह्या घरी हावो.”

“हे आपलं शिवार हाय.”

“शिवार तुह्यं, घर माह्यं. मुराळी आल्याबिगर मी नाई उतरत. तू ये आत, दादा. पानी पे.”

“मी आत येत नाई. काहून, ते तुले माईत हाय.”

“मंग ऱ्हाय तिथीच.”

या वेळी काकांनी डोकं इंजिनात घातलेलं होतं. त्याहून सुरक्षित जागा जवळपास नव्हती. पंजाबराव आल्या पावली परत गेले. काकी परातीत पीठ घेऊन बसली आणि भाकरी थापू लागली. थापायची, मोडायची, पुन्हा थापायची. पदराने तोंड पुसलं की तोंडाला पीठ लागे. झाडांच्या आडून मायचं घर दिसत होतं.

“इतक्या लांब येऊन माघारी जाशीन का वं?” आत्याने विचारलं. काकीने हातातली भाकरी मोडली. तशीही मोटार माघारी जात नव्हतीच.

तेवढ्यात घुंगरं वाजली. पंजाबराव दोन बैलजोड्या घेऊन आले आणि मोटारीला दोर बांधू लागले.

“काय करून राह्यले, भाऊ?” काकांनी इंजिनातून विचारलं.

“तुमचं घर रस्त्यात हाय. बंड्या अडल्या.”

काका लगबगीने जागेवर जाऊन बसले. बैलांनी मोटार गावातून ओढत नेली, आणि प्रत्येक वळणावर काकांनी चाक फिरवून भोंगा वाजवला.

अंगणात कौशल्याबाई बाजेवर बसल्या होत्या. “आली का मैना?”

“आली. उतरत नाई. मुराळी पाह्यजे म्हंते,” पंजाबराव म्हणाले.

“मंग बैलं म्या काय पोळ्यासाठी धाडले? सांग तिले, मुराळी मायनं धाडला म्हना.”

काकीने सांगण्याची वाट पाहिली नाही. पायरी बसवायची राहून गेली होती, हे ती अंगणात दोन्ही हातांवर पडली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. तशीच उठून ती बाजेपाशी गेली. म्हातारीने तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, मग बोटं एकमेकांवर घासली.

“तोंडाले पीठ लावून येते का कोणी माहेरी?”

आधी म्हातारीच हसली. मग काकी हसली, की रडली, ते पिठामुळे कळलं नाही. आत्या दारात बसून डोळे पुसत होती.

काका मात्र चाक धरून जागेवरच होते. जावई बोलावल्याशिवाय उतरत नसतो. पंजाबराव पुढून फिरून त्यांच्या खिडकीशी आले.

“पावने, उतरा. बैलं सोडाचे हायेत.”

काकांनी आधी ब्रेक लावला. मग उतरले.